मेघवीरचा उरलेला आवाज

१५ सप्टेंबर, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस झाला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत गेलेलं नाही, ऑफिस तर लांबच. त्यामुळे पहिल्या दिवशी काय करतात हे विचारायला कोणी नव्हतं. नऊचं ऑफिस म्हणून मी सव्वाआठलाच जाऊन पायरीवर बसले. वॉचमनकाकांनी स्वतःच्या थर्मासातला चहा दिला.

स्टुडिओ चंदीगडच्या आयटी पार्कात तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून डोंगर दिसतात. सेलूहून आलेल्या माणसाला डोंगर दिसणं हीच एक बातमी आहे. इथे सिनेमांच्या आवाजाचं काम चालतं, आणि मला मिळालेलं काम कोणतं? 'मेघवीर'चा दुसरा भाग!

पहिला भाग मी सेलूत तीनदा पाहिला होता. बाबांनीच त्याची जाहिरात केली होती, रिक्षावर भोंगा लावून, गावभर. "मेघवीर! मेघवीर! मेघवीर! ढगांतून येतोय आपला माणूस, रोज चार खेळ!" मेघवीरचं काम करणारा ऋतुराज कौशल मार्च महिन्यात गेला. कॅन्सर होता आणि त्याने कुणालाच कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या भागाचं त्याचं अकरा दिवसांचं शूटिंग झालेलं आहे. बाकीच्या प्रसंगांत शरीर दुसऱ्याचं, तोंडावर मुखवटा, आणि आवाज त्याचाच. त्याच्या आई इथेच पंचकुल्यात राहतात. त्यांनी एकच अट घातली आहे: आवाज मशीनने बनवायचा नाही. तो जे खरंच बोललाय तेवढंच वापरायचं.

म्हणून पहिल्या भागाचं शूटिंगच्या वेळचं तीनशे दहा तासांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि त्यातला त्याचा एक-एक शब्द वहीत नोंदवायचा, हे माझं काम. किती मुलं मेघवीरची वाट बघत असतील! त्यांना त्याचा खरा आवाज मिळावा यात माझा हात असणार आहे.

संध्याकाळी बाबांना फोन केला. घसा अजून बसलेलाच आहे. गणपतीत फार पुकारा केला म्हणतात. "तुझ्या मेघवीरला सांग," म्हणाले, "सेलूत तुझा आवाज मी होतो."

१८ सप्टेंबर, गुरुवार

आमचे प्रमुख सोढी सर. दाढी पांढरी, कान तरुण. मला 'पुत्तर' म्हणतात. शेजारच्या टेबलावर हरकीरत आहे, ती पावलांचे, दारांचे, कपड्यांचे आवाज करते. काल तिने भेंडी मोडून मेघवीरचा हात मोडला.

आज 'रूम टोन' शिकले. प्रत्येक ठिकाणी शूटिंग संपलं की रेकॉर्डिस्ट ओरडतो, "रूम टोन! थर्टी सेकंड! कोई हिलेगा नहीं!" आणि तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करतात. मला वाटलं शांतता सगळीकडे सारखीच. सरांनी चार ऐकवल्या. एकीत लांबवर पंखा, एकीत नळ, एकीत काहीच नाही पण तरीही काहीतरी. माणसं गप्प बसली तरी जागा गप्प बसत नाही. दोन वेगळ्या दिवशी बोललेले शब्द जोडले की मधला सांधा कानाला खुपतो, कारण मागची शांतता बदलते. तिथे हे तीस सेकंद पसरायचे.

माझ्या वहीत रकाने आहेत: क्रमांक, ठिकाण, शब्द, आवाज कोणाचा. रूम टोनच्या नोंदीत शेवटचा रकाना कोरा ठेवायचा, असा नियम आहे.

ऋतुराजला मात्र गप्प बसताच यायचं नाही. विसाव्या सेकंदाला त्याचं पोट गुरगुरतं, मग तो हसतो, मग सगळे हसतात, आणि रेकॉर्डिस्ट म्हणतो, "चलो, फिर से." असे सात टेक वाया गेलेत. मी सातही ऐकले. कामासाठी एक पुरला असता.

२१ सप्टेंबर, रविवार

तीन दिवस बाबा फोनवर आलेच नाहीत. आई म्हणते, बाहेर गेलेत. आज धाकट्या बहिणीच्या, निधीच्या फोनवरून त्यांचा आवाजी मेसेज आला. "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. ओजू, आता सीझन सुरू झालाय माय. मला रोज बोलायला जमायचं नाही. दर रविवारी असा निरोप धाडत जाईन. तू मन लावून काम कर. मधीच उठून यायचं नाही, समजलं का?"

मी लगेच फोन केला तर निधी म्हणाली, झोपलेत. इतक्या लवकर? बारावीचा अभ्यास सोडून तीच घरातले फोन उचलते आहे. तिला रागावले.

५ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी असून सोढी सरांबरोबर मुल्लानपूरला गेले. पहिल्या भागातला शेवटचा प्रसंग तिथल्या मोहरीच्या शेतात झाला होता, आणि त्या शेताचा रूम टोन हार्ड डिस्कवर खराब झालाय. सर म्हणाले, परत रेकॉर्ड करून आणू.

शेत नव्हतं. चौदा मजले होते, चौदाव्यावर क्रेन. सर गाडीतून उतरून कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. मी हेडफोन लावून माईक धरला. काँक्रीटचा गरगर आवाज, बीम आपटल्याचा आवाज, कुठेतरी भजन.

"सर, आपण आणखी आत जाऊ या, गावाकडे?"

"ओ पुत्तर, जागा तर कुठे ना कुठे मिळेल. ती शांतता गेली," सर हिंदीत म्हणाले. मग स्वतःलाच वैतागून म्हणाले, "चल, छल्ली खा."

रस्त्याकडेला भाजलेलं कणीस खाल्लं. मी त्यांना म्हटलं, कुणी आपला आवाज ठेवून गेलं की ते पुरतं गेलं असं होत नाही ना? त्यांनी दात कोरत माझ्याकडे पाहिलं आणि दुसरं कणीस मागवलं.

परत आले तर बाबांचा तिसरा मेसेज. मी आठवड्यात दोनदा विचारलं होतं, घशाला डॉक्टरांना दाखवलं का. त्याबद्दल एक शब्द नाही. नुसतं, पोटभर जेव, लोकांशी नीट बोल, कुणी वरच्या आवाजात बोललं तर आपण खालच्या आवाजात बोलावं. बाबांचं असंच. विचारावं एक, सांगतात दुसरं.

१४ ऑक्टोबर

'आसमान' सतरा वेळा. 'दोस्त' एकतीस वेळा. 'वापस' एकदाही नाही. डोळे नाही दुखत, कान दुखतात.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. इथल्या लोकांची दिवाळी कालच झाली, आज ऑफिस. घरी गेले नाही, कारण डिसेंबरअखेर सगळे संवाद द्यायचे आहेत आणि बाबांनीच सांगितलंय मधे उठून यायचं नाही.

सकाळी गंमत झाली. बाबांचा मेसेज आला: "हॅलो, हॅलो. ओजू, संक्रांत आली. तीळगूळ घे आणि तू तरी गोड बोल." मी पुन्हा लावणार तेवढ्यात तो पुसला गेला आणि दुसरा आला, दिवाळीचा. पहाटे उठून अभ्यंगस्नान कर, पाणी गरम घे, तिकडे बर्फ पडत असेल.

चंदीगडला बर्फ! हरकीरतला सांगितलं तर ती टेबलावर डोकं ठेवून हसली. "तेरे पापा क्यूट हैं यार."

निधीला फोन करून म्हटलं, बाबांना सण पण उमगेनात का आता? ती म्हणाली, "ताई, घाईघाईत झालं." आणि घरातल्या गोष्टी सांगत बसली. शेजारची पिठाची गिरणी दसऱ्यापासून बंद पडली. गिरणीवाले काका मुलाकडे जिंतूरला गेले कायमचे. आईला दळणासाठी स्टेशनापर्यंत जावं लागतं. "घर कसं सुनं सुनं वाटायलंय," निधी म्हणाली. लहानपणापासून त्या पट्ट्याच्या आवाजातच आम्ही अभ्यास केला. मलाही वाईट वाटलं.

व्हिडिओ कॉल कर म्हटलं तर फोनचा कॅमेरा फुटलाय.

९ नोव्हेंबर, रविवार

मुंबईहून दिग्दर्शकांनी शेवटच्या प्रसंगाचं वाक्य पाठवलं. मेघवीर आपली शक्ती सोडून देतो, ढगांत विरतो, आणि भेदरलेल्या शहराला त्याचा फक्त आवाज ऐकू येतो: "मैं यहीं हूँ." तीनच शब्द. हे वाक्य अख्ख्या सिनेमाचा प्राण आहे.

अख्खं वाक्य कुठेच नाही. 'मैं' एका गोदामातून, 'यहीं' एका गच्चीवरून, 'हूँ' घोड्यावरून घेऊन जोडून पाहिलं. हरकीरतने ऐकलं आणि नाकातून आवाज काढला, "यात्रीगण कृपया ध्यान दें." रेल्वे स्टेशनच वाटत होतं ते. सर म्हणाले, शब्द जोडता येतात पुत्तर, दम नाही जोडता येत. तीन वेगळे श्वास आहेत हे.

मशीनला दिलं तर दहा मिनिटांत होईल, असं निर्मात्यांचा माणूस म्हणाला. मी म्हटलं, आईंना शब्द दिलाय. तो म्हणाला, "आप नई हैं?"

बाबांचा मेसेज आज वेगळाच सुरू झाला: "नऊ नंबर. हॅलो, ओजू…" आमच्यासारखा बाबांनाही टेक नंबर बोलायची सवय लागली वाटतं! मी खूप हसले. परत पाठवलं, "बाबा, टेक ओके!" उत्तर नाही. ऐकलं असल्याच्या दोन निळ्या खुणा मात्र लगेच दिसल्या.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं! दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सापडलं!

दोनशे चाळिसाव्या तासात, दोन टेकच्या मधे, त्याचा माईक बंद करायचा राहिला होता. तो कुणाशीतरी फोनवर बोलतोय. पलीकडचं काही ऐकू येत नाही, फक्त हा. "हाँ मम्मी… खा लिया… नहीं, लोहड़ी पे पक्का… अरे, मैं यहीं हूँ मम्मी, कहाँ जाऊँगा?… अच्छा रखो, बुला रहे हैं."

एका श्वासात, हसत, थकलेला. इतकं खरं. मी खुर्चीवर उभीच राहिले. सर आले, ऐकलं, पगडी सारखी केली आणि म्हणाले, "शाबाश."  संध्याकाळी सगळ्यांना समोसे आले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप नीट लागली नाही. सकाळी परवानगीचा कागद काढून वाचला. त्यात लिहिलंय, 'शूटिंगसाठी बोललेले संवाद'. हा संवाद नाही. हा फोन आहे.

सरांना दाखवलं. त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. म्हणाले, "'मम्मी' कापून टाकू. मग फोन कुठला अन् संवाद कुठला, कोण ओळखणार?"

"त्याच्या आई ओळखतील."

"आणि नाही म्हणाल्या तर? बिगडल्या तर पूर्ण परवानगी परत घेतील. बारा लोग हैं इस फ़्लोर पे पुत्तर. दोन वर्षांचं काम. तुझं पण."

मी म्हटलं, सर, ज्या माणसासाठी तो बोललाय त्या माणसाला तरी कळायला हवं की हा आवाज कुठला आणि कधीचा. मागच्या वेळचं आजचं म्हणून ऐकवायचं ही फसवणूक आहे, कितीही प्रेमाने केली तरी. मी जरा मोठ्याने बोलले. बाबांनी सांगितलेलं खालच्या आवाजाचं आठवलं नाही.

हरकीरत नंतर जिन्यात भेटली. "तू ना, हरिश्चंद्राची बहीण आहेस. नोकरी गेली तर मी भेंडी मोडायला शिकवीन तुला." पण माझा हात धरून ठेवला होता तिने.

२८ नोव्हेंबर

सर आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलतायत. माझं चुकलं का? बारा जणांच्या पोटावर पाय देणारी मी कोण? घरी विचारावं तर फोनवर बाबा नाहीत. नगरपालिकेची निवडणूक आहे, सकाळपासून भोंग्यावर असतात, आई म्हणते. आईचा आवाज पण ओढलेला वाटला. दमत असेल.

अबोलीने, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीने, आमच्या वॉर्डातल्या प्रचाराचा व्हिडिओ पाठवला. रिक्षा आमचीच. मागे कोपऱ्यात मी सातवीत चिकटवलेलं मोराचं चित्र आहे. पण पुकारणारा दुसराच कोणीतरी पोरगा, शब्द खातोय. बाबांनी मदतीला माणूस ठेवला वाटतं. बरं झालं, तेवढीच घशाला विश्रांती.

४ डिसेंबर, गुरुवार

सर स्वतःच टेबलापाशी आले. "कौशल आंटींना सोमवारी बोलावलंय," म्हणाले. "तूच सांगायचंस. मी मागे उभा राहीन."

८ डिसेंबर, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

ऋतुराजच्या आई, कौशल आंटी, अकरा वाजता आल्या. करड्या रंगाची शाल, पायात मोजे आणि सँडल, हातात पिन्नीचा, म्हणजे इकडच्या लाडवांचा, डबा. हरियाणा सरकारच्या कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाल्यात, त्यामुळे कागद दोनदा वाचतात. मी सगळं सांगितलं. माईक चालू राहिला, फोन होता, तुम्ही पलीकडे होता, आम्हाला तीन शब्द हवेत आणि ते आम्ही तुम्हाला न विचारता घेऊ शकलो असतो. हिंदी माझी जागोजागी मोडत होती. त्या म्हणाल्या, "पहले पूरा सुनाओ."

मोठ्या स्पीकरवर लावलं. पहिल्यांदा त्या नुसत्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "फिर से." दुसऱ्यांदा डोळे मिटले. तिसऱ्यांदा जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. त्याच्या वाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत त्या स्वतःची वाक्यं बोलायला लागल्या. हळू, अगदी वेळेवर.

"खाना खाया?"

"खा लिया…"

"झूठा. घर कब आएगा? दिवाली पे भी नहीं आया."

"नहीं, लोहड़ी पे पक्का…"

"तू है कहाँ, बता तो सही."

"अरे, मैं यहीं हूँ मम्मी, कहाँ जाऊँगा?"

हरकीरत बाहेर निघून गेली. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

आंटींनी शालीने चष्मा पुसला. "लगाना है तो लगा लो," म्हणाल्या. "लेकिन मम्मी मत काटना."

सर वळले. "आंटी जी, सीन में तो वो पूरे शहर से बोल रहा है…"

"तो सीन बदल लो बेटा. तुम्हारी फ़िल्म है, तुम बदल सकते हो. मैं नहीं बदल सकती."

सर बाहेर जाऊन मुंबईला फोन लावत बसले. आत आम्ही दोघीच. आंटींनी डबा उघडून एक पिन्नी माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, तू कुठली, घरी कोण असतं, घरी बोलणं होतं का. मी म्हटलं, होतं ना, दर रविवारी पप्पांचा आवाजी मेसेज येतो. ते आमच्या गावाचा आवाज आहेत.

"मेसेज? आणि तू जे विचारतेस, त्याचं उत्तर येतं त्यात?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. पिन्नी हातात होती. आठवून पाहिलं. घसा विचारला होता. दिवाळीत नवा शर्ट घेतला का विचारलं होतं. मदतीचा पोरगा कोण, ते विचारलं होतं.

"सुना तो," त्या म्हणाल्या. मला बाबांचा आवाज त्यांना ऐकवायचाच होता, अभिमानाने, मोठ्या स्पीकरवर. फोन जोडला. कालच्या आधीच्या रविवारचा लावला. माझ्या फोनच्या बारक्या स्पीकरवर जे कधीच ऐकू आलं नव्हतं ते त्या खोलीत भरून आलं: बाबांच्या मागे गिरणी चालली होती. पट्ट्याची फट फट फट. शेवटी बाबा "बरं, ठेवतो" म्हणतात, आणि तेवढ्यात कोणीतरी गिरणी बंद करतं. पट्टा मंदावतो, आवाज खाली खाली जायला लागतो, आणि मेसेज संपतो.

तो संपला की फोन आपोआप पुढचा लावतो. कालचा. एका आठवड्यानंतरचा. तो सुरू झाला, आणि पट्ट्याचा आवाज जिथे होता तिथूनच खाली गेला. फट… फट… फट. मग बाबा म्हणाले, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग."

सांधा ऐकूच आला नाही. तीन महिने मी सांधे ऐकतेय. हा सांधाच नव्हता.

आणि गिरणी दसऱ्यापासून बंद आहे.

मी काय केलं मला नीट आठवत नाही. आंटींनी माझ्या हातातली पिन्नी काढून घेतली, एवढं आठवतं. मी म्हणाले असेन काहीतरी, कारण त्या म्हणाल्या, "मला पण सगळ्यांत शेवटी सांगितलं होतं." मग म्हणाल्या, "तू अभी फ़ोन कर. तेरे पास अभी टाइम है. जा."

जिन्यातून निधीला फोन लावला. म्हटलं, बाबांना दे. ती म्हणाली, बाहेर… मी म्हटलं, निधी, गिरणी कोण चालवतंय?

ती रडायलाच लागली.

घशाचा कॅन्सर. मी चंदीगडला निघायच्या आधीच कळलं होतं त्यांना. वीस सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. बाबा बोलू शकत नाहीत. कधीच बोलू शकणार नाहीत. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी दुपारी घरात बसून एकामागून एक वीस मेसेज करून ठेवले. "म्हणाले, ओजूला कळलं तर ती नोकरी टाकून येईल. घरातली पहिली नोकरी आहे. मेसेज संपेस्तोवर ती पक्की होईल," निधी हुंदके देत सांगत होती. "ताई, दिवाळीला मी चुकून संक्रांतीचा पाठवला तर आईने मला मारलं."

"किती राहिलेत?"

"सात. तुझ्या वाढदिवसाचा आहे. वीस नंबर लग्नाचा आहे." मग म्हणाली, "धाडू का?"

मी म्हटलं, नको. ठेव.

पलीकडे कोणीतरी फोनवर दोनदा टकटक केलं. मला वाटलं, लाईन खराब आहे. निधी म्हणाली, "ताई, बाबा आहेत. ऐकायलेत."

मी खूप बोलले. रागावले, रडले, काय काय म्हणाले. ते टकटक करत राहिले.

१० डिसेंबर, रेल्वेत

हरकीरतने अंबाल्यापर्यंत सोडलं. तिथून नांदेडची गाडी. सरांनी रजेच्या अर्जावर सही करताना एक छोटा रेकॉर्डर पण हातात ठेवला. कशाला, ते सांगितलं नाही. प्रसंग बदलतोय, एवढं म्हणाले. आता शहर नाही, मेघवीरची आई एकटी गच्चीवर उभी आहे, आणि आवाज तिला येतो. दिग्दर्शक आधी चिडले आणि मग एक तासाने फोन करून म्हणाले, आधीपासून असंच असायला हवं होतं.

मागचं सगळं वाचून काढलं. संक्रांत, बर्फ, नऊ नंबर, दोन निळ्या खुणा. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तीनशे तास मी एका परक्या माणसाचा श्वास मोजत होते. आणि सरांना सांगत होते, मागच्या वेळचं आजचं म्हणून ऐकवणं ही फसवणूक आहे, कितीही प्रेमाने केली तरी. ते खरंच आहे. पण बाबांनी ते केलं नसतं तर मी पंधरवड्यात परतले असते, हेही खरं आहे. दोन्ही एका वहीत कसं लिहायचं ते मला कळत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार, सेलू

बाबा वाळलेत. गळ्याला मफलर, त्याखाली छिद्र, तिथून श्वास येतो-जातो. मी दारात उभी राहिले तर त्यांनी आधी बॅगकडे पाहिलं. मग जुन्या जाहिरातीचा कागद उलटा करून, पुकाऱ्याचा मजकूर लिहितात तशा मोठ्या अक्षरांत लिहिलं: नोकरी सोडलीस?

"रजा घेतलीय. आठ दिवस."

त्यांनी खांदे सैल सोडले. पुन्हा लिहिलं: मेघवीर बोलला?

"बोलला."

खाली ओढलेली रेघ, आणि: लोकांना ऐकू गेलं पाहिजे.

आईने माझ्याशी सकाळभर नजर मिळवली नाही. दुपारी भाकरी वाढताना एकदम म्हणाली, "मला नव्हतं पटलेलं. पण ते बोलू शकत होते तेव्हाच त्यांनी वचन घेतलं. मग न बोलणाऱ्या माणसाशी भांडावं कसं?" आणि आम्ही दोघी हसलो, का ते माहीत नाही, बाबा पण हसले. त्यांचं हसणं म्हणजे आता गळ्यातून येणारी नुसती हवा. मला दचकायला झालं, आणि मी दचकले ते त्यांनी पाहिलं. हे लपवून उपयोग नाही.

जेवणं झाल्यावर सरांचा रेकॉर्डर काढून मधे ठेवला. आईला वाटलं, फोन आहे. मी सांगितलं, आता तीस सेकंद कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही.

"अगं पण मग त्यात येणार काय?" आई म्हणाली.

"घर."

बटण दाबलं. हेडफोन माझ्या कानाला. गिरणी नाही. भिंतीवरचं घड्याळ. आईच्या बांगड्या, एकदाच. रस्त्याने एक सायकल. आणि या सगळ्यांखाली बाबांचा नवा श्वास, थोडा ओला, थोडा शिट्टीसारखा, बरोबर चाललेला. मी मनात मोजत होते. अठरा, एकोणीस, वीस.

एकविसाव्या सेकंदाला बाबा पुढे वाकले आणि रेकॉर्डरच्या जाळीवर बोटाने दोनदा वाजवलं, भोंगा सुरू करण्याआधी माईकवर वाजवतात तसं. टक, टक. मग हात वर करून आम्हा तिघींकडे पाहिलं.

निधीला हसू फुटलंच. आई म्हणाली, "झालं, घालवलं यांनी." टेक वाया गेला होता. मी म्हटलं, चला, पुन्हा घेऊ. पण बटण बंद केलं नाही. हसणं पुरतं संपेपर्यंत चालू ठेवलं, आणि नंतरही.

आता नोंद करते आहे. क्रमांक: एक. ठिकाण: सेलू, घर. शब्द: नाहीत.

आवाज कोणाचा: हा रकाना कोरा ठेवायचा असतो.

बाबा.